सळईचं टोक

“जाधव, ही आज संध्याकाळपर्यंत नवी करून द्याल?” फर्नांडिस साहेबांनी मोडलेल्या सळईचे दोन तुकडे माझ्या बेंचवर ठेवले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका कंपनीत मी लेथवर टर्नर होतो. टूलरूममध्ये, म्हणजे जिथे कारखान्याची हत्यारं बनतात तिथे. फर्नांडिस ड्रॉइंग ऑफिसात. घरी ते चेलो वाजवत. चेलो म्हणजे खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन. खालची सळई जमिनीवर टेकते, भार तिच्यावर.

“उद्या मिसेसना ऑपरेशनला न्यायचंय,” ते म्हणाले. “तिच्यासाठी सोनाटा लिहिलाय. नुसत्या चेलोवर वाजवायची रचना, साथीला कोणी नाही. दोन वर्षं लागली. जाण्याआधी तिला ऐकवायचाय.”

फोरमन देशपांडे गुरगुरले, “प्रायव्हेट जॉब? कंपनीच्या मशीनवर?”

“लंच टाइममध्ये करतो, साहेब.”

“मग नीट कर. टूलरूमची अब्रू आहे.”

नीट केली. टूलरूममध्ये दंडक होता: कुणाचा हात कापू नये म्हणून प्रत्येक जॉबची धार मोडायची. सवयीने मी सळईचं टोकही गोल करून चकचकीत केलं. स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी सळई घेऊन संत तुकाराम नगरात त्यांच्या घरी गेलो. मॅडम कॉटवर पडून होत्या. फर्नांडिसांनी सळई चेलोला बसवून लाकडी पाटावर टेकवली, तारांवरून गज ओढला आणि चेलो सर्रकन पुढे घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. टोक लाकडात रुतायला हवं होतं. मी शरमेने अर्धा झालो.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या. “परत आल्यावर ऐकीन.”

फर्नांडिसांनी मान खाली घातली. ते मला बघवेना. मी जमिनीवर बसलो आणि ते टोक पाटावर दोन्ही मुठींत घट्ट धरलं. “वाजवा साहेब.”

सूर चमत्कारिक होते. भजनासारखे नाहीत, सिनेमासारखे तर नाहीतच. मध्येच करवतीसारखे खरखरीत, मध्येच इतके बारीक की मी श्वास रोखून धरला. सळई मुठीत थरथरत होती. मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

तीन आठवड्यांनी मॅडम बऱ्या होऊन घरी आल्या. तोवर मी टोक ग्राइंडरवर सुईसारखं करून दिलं होतं. तेव्हापासून धार मोडण्याआधी, ती कुणाला हवी आहे का, एवढं विचारून घेतो.

रविवारी सोनाटा पुन्हा झाला. सळई तसूभर हलली नाही. माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. मी खालीच बसलो, सळईला हात लावून.