दोनशे तीसवरचं मशीन

जयवंती मेहेर सातपाटीची. बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तीन भावंडांत हिचेच केस कुरळे, आणि तेही असे की ओले असताना पाठीपर्यंत पोचायचे आणि सुकले की आखडून कानाच्या वर जाऊन बसायचे. खाऱ्या वाऱ्यात त्यांच्या गाठी व्हायच्या. सकाळी बंदरावरून येऊन टोपली भरली की बाजाराची गाडी पकडेपर्यंत आईला दहा मिनिटं मिळायची, त्यात मुलीची वेणी. ती मुलीचं डोकं दोन गुडघ्यांत आवळून धरायची आणि कोरड्या केसांतून कंगवा ओढायची. मुलगी ओरडली की कंगव्याची पाठ टाळूवर बसायची.

"केस नाय हे, काथ्या हाय नुसता," आई म्हणायची.

चौथीत असताना एकदा कंगव्याचे दात मोडून केसांतच अडकले. आईनं कात्री घेतली आणि गाठीसकट मूठभर केस मुळापासून उडवले. कात्रीचं टोक टाळूत गेलं, रक्त मानेवर उतरलं. आईनं हळद दाबली, वरून रुमाल बांधला आणि तिला शाळेत पाठवून स्वतः बाजाराला गेली.

हे सांगताना जयवंतीच्या आवाजात राग नसतो. मी शिरगावला शिक्षिका आहे. माझे केसही कुरळे, म्हणून गेली तीन वर्षं मी तिच्या पार्लरमध्ये केस करून घ्यायला जाते. तिच्या खुर्चीत दोन-दोन तास बसावं लागतं आणि हात चालू असले की ती बोलते. तिच्याबद्दल मला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक असंच कळलं.

अठराव्या वर्षी एका मैत्रिणीच्या हळदीला जायचं म्हणून तिनं केसांवर कपड्यांची इस्त्री फिरवून घेतली. पाटावर डोकं टेकवलं, केस पसरले आणि दुसऱ्या मैत्रिणीनं इस्त्री दाबली. कानाची पाळी भाजली, पण केस सरळ झाले. दोन दिवस ती आरशासमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी केस धुतले तर पुढच्या बटा पुन्हा वळल्याच नाहीत. सुतळीसारख्या लोंबत राहिल्या आणि महिन्याभरात तुटून गेल्या. मागचे केस मात्र पूर्वीसारखेच कुरळे. एकाच डोक्यावर असं का, हा प्रश्न तिच्या मनात राहिला.

बाविसाव्या वर्षी ती बोईसरला स्वातीमॅडमच्या पार्लरमध्ये कामाला लागली. कारखान्यांतल्या लोकांच्या बायका, तारापूरच्या वसाहतीतल्या मुली अशी गिऱ्हाइकं. मॅडमचा हात झपाट्याचा. केस सरळ करायचं मशीन ती कायम दोनशे तीस डिग्रीवर ठेवायची, केस कसलेही असोत.

"मॅडम, धूर येतोय," जयवंती एकदा म्हणाली.

"सीरमची वाफ आहे ती. तू झाडू मार."

जयवंतीनं स्वतःच्या मानेवरच्या बटा घेतल्या. एक एकशे सत्तरवर, मशीनचा एकच हात फिरवून. दुसरी दोनशे तीसवर. घरी जाऊन धुतल्या. पहिली पुन्हा गोल वळली, दुसरी मेली. मग दीड-दोन महिने हेच चाललं. ओले केस, अर्धवट सुकलेले केस, सीरम लावून, न लावता. फोनवर बघून, करून, जाळून ती शिकली. कुरळा केस मुळात कोरडा असतो, कारण टाळूचं तेल इतक्या वळणांतून टोकापर्यंत उतरत नाही. म्हणून आधी त्याला मास्क लावून मऊ करायचं, मग पूर्ण सुकवायचं, उष्णतेपासून वाचवणारं सीरम लावायचं, बोटभर जाडीची बट घ्यायची आणि मशीन मुळापासून टोकापर्यंत एकदाच न्यायचं. ओल्या केसाला मशीनचे गरम पत्रे लागले तर आतलं पाणी उकळतं आणि केस आतून फुटतो.

तिनं हे मॅडमला सांगितलं. मॅडम म्हणाली, "गिऱ्हाइकाला आठ दिवस टिकलं पाहिजे. तुझ्या एकशे सत्तरनं ते घामात उतरेल."

समिधा आली ती लग्नाच्या दोन दिवस आधी. शिरगावच्या पुढच्या एका गावातली, घरची चिकूची वाडी. दाट, बारीक वळणांचे केस, आणि तीनच आठवड्यांपूर्वी त्यांना सोनेरी रंग दिलेला. जयवंतीनं एक बट ओली करून बोटांत ताणली तर ती रबरासारखी लांब झाली आणि परत आली नाही.

"मॅडम, या केसांत जीव नाय. मागची एक बट करून बघू आधी. आज मास्कच लावू या."

समिधानं आरशातून मॅडमकडे बघितलं. "जमेल ना पण?"

"जमेल. हिचं ऐकू नका, नवीन आहे," मॅडम म्हणाली. तिला आणखी दोन नवऱ्यामुलींकडे जायचं होतं. केस पुरते सुकवायलाही ती थांबली नाही. कपाळावरची बट मशीनमध्ये धरली तेव्हा चर्र आवाज आला. मॅडमनं मशीन खाली ओढलं आणि बट मशीनबरोबर आली. तोवर डावीकडच्या तीन बटा झाल्या होत्या, त्याही कंगवा लागताच गळल्या. समिधाच्या कपाळावर चार बोटं रुंद पट्टा उरला, खुंटांचा. ती रडली नाही. हातातल्या केसांकडे बघत बसली. मॅडमनं तिला रिक्षात घातलं, शटर ओढलं आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जयवंतीनं नेहमीप्रमाणे पार्लर उघडलं. पावणेअकराला समिधाचे दोन भाऊ आले. थोरला एकनाथ, धाकटा अक्षय. अक्षयनं आत येताच शटर खाली ओढलं.

"मालकीण कुठंय?"

"आली नाय. फोन लागत नाय."

एकनाथनं ड्रायर उचलून पहिला आरसा फोडला, मग दुसरा. अक्षयनं बाटल्यांचं कपाट ओढून पाडलं. जयवंती शटरकडे धावली तेव्हा त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली तेव्हा त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. समोरचा एक दात तिथंच पडला. ती सांगू बघत होती की मी केलेलं नाही, मी थांबवत होते, पण तोंडात रक्त होतं आणि शब्द फुटत नव्हते.

एकनाथनं टेबलावरचं मशीन उचललं. "कितीवर लावलं होतं?"

ती बोलली नाही. अक्षयनं तिचा हात मागं पिरगाळला. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

"दोनशे तीस," ती म्हणाली.

त्यानं मशीन चालू केलं. अक्षयनं तिला खुर्चीत दाबून धरलं. मशीनवरचे आकडे चढत गेले. नव्वद, एकशे वीस, एकशे साठ. जयवंती मला म्हणाली, "बाई, मार लागला त्याचं तेवढं नाय. पण ते आकडे चढेपर्यंत दोघंही गप्प उभे होते. मला ठाऊक होतं ना किती डिग्रीला काय होतं ते."

दोनशे तीस झाल्यावर एकनाथनं तिच्या उजव्या कानावरचे केस मुळाशी पत्र्यांत धरले आणि दाबून ठेवले. केस जळाले, मग कातडी. ती किंचाळली. ती किंचाळी शेजारच्या शिलाईच्या दुकानात गेली. तिथला विश्राम, पन्नाशीचा माणूस, लोखंडी गज घेऊन आला आणि शटर उचकटून आत शिरला. गजाचा पहिला फटका त्यानं एकनाथच्या मनगटावर घातला. मशीन खाली पडलं. अक्षयनं फुटक्या आरशाचा तुकडा उचलून विश्रामच्या दंडावर ओढला. विश्रामनं गज सोडला नाही. बाहेर माणसं जमली तेव्हा दोघे भाऊ पळाले.

जयवंती सतरा दिवस रुग्णालयात होती. आई पहिल्या दिवशी आली ती टोपली बाजारातच कोणाकडे तरी टाकून. मुलीचं डोकं बघितलं. उरलेले केस अर्धे जळके, अर्धे रक्तानं चिकटलेले. नर्सनं ते काढायला सांगितलं तेव्हा आईनंच वस्तरा मागून घेतला. दीड तास लावला तिनं त्या कामाला. प्रत्येक वेळी वस्तरा टेकवायच्या आधी विचारायची, "दुखतं का गं हितं?" जयवंती म्हणते की आईनं तिला तसं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

पोलिसांनी दोघा भावांना त्याच दिवशी पकडलं. मॅडमनं पोलिसांना जबाब दिला की नवरीच्या केसांना हात लावणारी जयवंतीच होती. भावांच्या बाजूनं एक काका रुग्णालयात येऊन बसला. आमच्या मुलीचं नुकसान झालं, तुमच्याही मुलीचं झालं, मिटवून टाका, म्हणाला. आईनं त्याला सांगितलं, "तुमच्या मुलीचे केस येतील. हिच्या कानावर कातडी येईल ती कसली येईल ते सांगा." तो उठून गेला.

समिधाचं लग्न आठ दिवस पुढं ढकललं होतं. त्या आठ दिवसांतच समिधा एकटी, डोक्याला ओढणी बांधून, पोलीस ठाण्यात आली. तिनं सांगितलं, "केस मॅडमनी जाळले. ही मुलगी नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. मी घरी हे सांगितलं होतं. भावांना माहीत होतं." मागोमाग अक्षय पोचला. जामिनावर सुटून त्याला दोन दिवस झाले होते. ठाण्याच्या आवारात, शिपायांच्या देखत, त्यानं बहिणीच्या डोक्यावरची ओढणी ओढली आणि तिला दोन थोबाडीत मारल्या. त्याला तिथंच परत आत घेतलं.

समिधाचं लग्न झालं, ओढणी बांधूनच. माहेराशी तिचा संबंध राहिला नाही. कोर्टात तिनं तीच साक्ष पुन्हा दिली, विश्रामनंही दिली. पाच वर्षांनी दोघा भावांना शिक्षा झाली. त्यांनी अपील केलं आहे आणि ते बाहेर आहेत. स्वातीमॅडम बोईसर सोडून गेली.

जयवंतीचं पार्लर आता पालघरला आहे. दोन खुर्च्या. उजव्या कानावर केस येत नाहीत, तिथली कातडी गुळगुळीत आणि तांबूस आहे. ती डावीकडचे कुरळे केस त्यावर वळवून घेते. स्वतःचे केस ती कधी सरळ करत नाही. गिऱ्हाइकांचे करते, पण अटीवर. महिन्यातून एकदाच. रंग दिलेला असला तर आधी तीन महिने मास्क आणि टोकं कापणं. कोणी घाई केली तर सरळ परत पाठवते. नवऱ्यामुलींना लग्नाच्या आठवड्यात ती हात लावत नाही.

तिच्याबद्दल चांगलंच सांगायचं असतं तर मी इथं थांबले असते. पण गेल्या एप्रिलमध्ये जे झालं ते माझ्यासमोर झालं.

तिच्याकडे जमुना नावाची बाई काम करते. डोंगराकडच्या पाड्यातली, जयवंतीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. नवऱ्याचा मार सोडून मुलीला घेऊन आलेली. त्या दिवशी माझ्या डोक्याचा डावा भाग जयवंतीनं केला आणि फोन आला म्हणून ती बाहेर गेली. जमुनानं उजवीकडची बट घेतली. ती आतून ओलसर होती, मला मानेला गार लागत होतं. मी बोलणार एवढ्यात पत्रे मिटले आणि चर्र झालं.

जयवंती आत आली ती अशी, की मला आधी कळलंच नाही कोण आलं. तिनं जमुनाच्या हातातून मशीन हिसकावलं आणि तिच्या कानाखाली इतक्या जोरानं मारली की जमुना ट्रॉलीवर जाऊन आदळली. कंगवे, चाप खाली सांडले. जयवंतीनं पुन्हा हात उचलला. दुसऱ्या हातात गरम मशीन होतं.

जमुना उठली आणि तिनंही जयवंतीच्या कानाखाली एक ठेवून दिली. जयवंतीचं तोंड फिरलं.

"तुला मारलं ते दोघं होते," जमुना म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "मी नाय. एकाचा मार सोडून आले ते तुझा खायला नाय."

जयवंतीनं हातातल्या मशीनकडे बघितलं. मग ते बंद केलं, वायर काढली आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला, पण तोंड धुतलं नाही. मी अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे अशी खुर्चीत बसून होते. उठावं की नाही ते मला समजेना.

मग नळ बंद करून जयवंती म्हणाली, "चुकलं माझं."

"चुकलं," जमुना म्हणाली. तिनं चाप वेचले, ड्रायर घेतला आणि माझी उजवी बाजू मुळापासून सुकवायला लागली. प्रत्येक बट ती दोन बोटांत दाबून बघत होती. सुकल्यावर तिनं जयवंतीला बोलावलं नाही. स्वतःच मशीन लावलं, एकशे सत्तरवर, आणि प्रत्येक बटेवर एकदाच फिरवत सगळी बाजू पुरी केली. जयवंती भिंतीला टेकून बघत उभी होती. शेवटच्या बटेला ती फक्त एवढंच म्हणाली, "टोकाला थोडं आत वळव." जमुनानं वळवलं.

ती जळलेली बट पंधरा दिवसांनी तुटली. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा दोघी कामाला होत्या आणि माझा नंबर जमुनाकडे लागला होता.