पाणी परत सोड

कारंज्यात सुताचा व्यापार करणाऱ्या जब्बारच्या घराखाली दगडी तळघर होतं. महायुद्धाची वर्षं, सूत औषधालाही मिळेना. विणकरांना वाटायचं सगळं सूत जब्बारने तिथेच रचून ठेवलेलं. त्या पावसाळ्यात झड लागली ती उघडेचना. काळी माती पाणी पिऊन फुगली, अंगणातली विहीर काठाला टेकली आणि एका सकाळी तळघराच्या फरशीतून पाणी वर येऊ लागलं. संध्याकाळपर्यंत गठ्ठे बुडाले.

बादल्यांनी उपसून पाणी हलेना. दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा शफीक आपल्या कापसाच्या जिनातलं तेलाचं इंजिन आणि पंप बैलगाडीत घालून घेऊन आला.

"आज सूत सुकाले घातलं तं हाती लागीन," जब्बार म्हणाला. "नाही तं सडलंच समज."

इंजिन धडधडलं. तळघरातलं पाणी भसाभसा गल्लीत वाहू लागलं. सगळ्यांचे चेहरे खुलले, पण जब्बारची बायको सुलतानबी हिला ते उतरतं पाणी पाहून बाप आठवला.

तिचा बाप कामरगावचा, विहिरी बांधणारा. अशाच एका पावसाळ्यात दोन मोटा लावून लोकांनी तुडुंब विहीर रिकामी केली आणि डागडुजीला तो खाली उतरला. भिजलेल्या मातीने बाहेरून रेटा दिला, सगळं बांधकाम त्याच्यावर आलं. भाकरी घेऊन आलेली सुलतान काठावरच उभी होती. बापाचा जोडीदार रडत म्हणाला होता, "आतलं पाणीच भिंतीले हात देऊन उभं होतं."

ती जब्बारजवळ आली. "इंजिन बंद करा. हळूहळू उपसू."

"कायले?"

तिने बापाची विहीर सांगितली. जब्बार चिडला. "तुह्या बापाची विहीर अन् माहं घर एकच हाये काय?"

नसेलही एक. तिला कुठे ठाऊक होतं? पण शफीक आता गुडघाभर पाण्यात उतरून गठ्ठे वर देत होता. ती कंदील घेऊन पायऱ्यांवर गेली. समोरची भिंत मधोमध पोटासारखी पुढे आली होती. सांध्यांतून चिखल गळत होता.

"शफीक, वर ये."

"दोनच गठ्ठे राह्यले, अम्मा."

भिंतीत कुठेतरी कट्कन वाजलं. एक दगड सुटून पाण्यात पडला. सुलतानबी तशीच खाली उतरली, पोराचं मनगट धरलं आणि त्याला ओढत वर आणलं.

"पाईप विहिरीत टाक," ती धापा टाकत म्हणाली. "पाणी परत तळघरात सोड."

"येडी झाली काय?" जब्बार आडवा आला. "सूत हाये माहं तिथं!"

तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. ती स्वतःच पाईप ओढू लागली. शफीक क्षणभर थबकला. मग त्यानेही हात लावला. तो आवाज त्यानेही ऐकला होता. पंप पुन्हा पाण्याने भरून घ्यावा लागला. तेवढ्यात खाली आणखी दगड पडले, चुलीजवळची जमीन हलल्यासारखी वाटली. सुलतानबीने सुनेला लेकरासकट गल्लीत काढलं. इंजिन खोकलं, विझतं की काय असं झालं आणि मग विहिरीचं पाणी तळघरात कोसळू लागलं.

सगळे कान देऊन उभे राहिले. पाणी चढत गेलं तसे दगड पडायचे थांबले.

पुढे विहीर जेवढी उतरेल तेवढंच तळघर उपसायचं, असं तिने चालवलं. बरंच सूत सडलं. त्या वासात जब्बार कितीतरी दिवस मुकाट्याने जेवत होता. बायकोशी बोलला नाही. उन्हाळ्यात भिंत नव्याने बांधली. तेव्हा सुलतानबीने तळघराच्या कोपऱ्यात, फरशीहून खोल असा खड्डा खणवून घेतला. झिरपलेलं पाणी त्यात जमायचं आणि ती सकाळ-संध्याकाळ हातपंपाने ते बाहेर काढायची. पावसाळा असला की कुठे पाहुणी म्हणून जाणंही तिने सोडलं.

भिंत काही पडली नसती, असं जब्बार लोकांना सांगत राहिला. ती वाद घालत नसे. एकदाच म्हणाली, "नसतीही पडली. पण तिच्या बुडाशी माहा शफीक होता."