आवाजाची भाजी

मोतीराम काकाजी ओट्यापाशी उभे राहून एअर फ्रायरच्या पाठीमागे कापसाचा पुंजका धरून होते. मी आपली विरजण मागाले गेली होती, तर दारातच थांबली.

"काकाजी, हे काय चाललं बाप्पा?"

"चूप," ते म्हणाले. "हवा कुठून निघते ते पाहून राहिलो."

मशीन घरघर करत होतं, पुंजका थरथरत होता, आणि सत्तरीला टेकलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून त्या पुंजक्याकडे टक लावून पाहत होता. मी विरजण विसरली.

मी भाग्यश्री. पांढुर्ण्यात आमची आणि काकाजीची भिंत एकच आहे. मी आंगणवाडीत काम करते. सकाळपासून दुसऱ्यांच्या लेकरांचे शेंबूड पुसून घरी येते, म्हणून माझा पारा जरा वरच असतो, गल्लीत कोणालेही विचारा. पण ते मशीन आल्यापासून मी दिवसातून दोन-दोनदा काही ना काही निमित्त काढून तिकडे जायची. राहवतच नव्हतं मले.

काकाजीनं पस्तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस पारखला. कापसाची गाडी आली की हे कोपरापर्यंत हात आत घालायचे, मूठभर कापूस काढायचे आणि त्यातली सरकी दाताखाली धरायचे. 'कट्' आवाज आला तर माल वाळलेला. सरकी नुसती दबली तर आत ओल. कोणी वजन वाढवाले कापसावर पाणी मारून आणलं असेल, तर यांच्या दाताले ते लगेच समजायचं. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं, तरी मालक म्हणायचे, मोतीराम, तू चावून सांग. ती सवय काही गेली नाही. बाजारात हरभरा चावून पाहतील, शेंगा चावून पाहतील. आमच्या घराले नवीन दार बसवलं तेव्हा लाकूड वाळलं का म्हणून नखानं उकरून पाहिलं यांनी. चावलं नाही, एवढंच नशीब.

पण स्वयंपाकघरात हा माणूस कधी गेला नव्हता. चहाचा कपसुद्धा इंदूकाकूनं हातात द्यायचा. आणि आता काकूच खाटेवर होती.

काकूले कावीळ झाली होती. पंधरा दिवस नागपूरच्या दवाखान्यात काढले. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, ताप गेला, सगळं झालं, पण तोंडाची चव काही परत आली नाही. ना गोड समजे, ना तिखट, ना आंबट. "कापूस चावल्यावानी वाटते वं," ती मले म्हणायची, आणि दोन घास खाऊन ताट सरकवून द्यायची. अंगावरचा ब्लाऊज असा ढगळा झाला होता की मले पाहवत नव्हतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, चव येईल तेव्हा येईल, कधी ते सांगता येत नाही. पण दीड महिन्यानं दाखवाले आणा, आणि वजन चाळीस किलोच्या खाली गेलं तर भरती करून नाकात नळी टाकून खाऊ घालावं लागेल. तळलेलं बंद, दिवसभरात तेल एखादा चमचा. दवाखान्यात काकूच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईले तशी नळी होती. तिच्याकडे पाहून-पाहून काकूच्या मनात भीतीच बसली होती. "काही करा पण नळी नोको," एवढंच ती म्हणायची.

त्यांचा मुलगा प्रतीक भोपाळले नोकरीत. तो वीस दिवस राहून गेला. जाताना म्हणे, स्वयंपाकाले बाई लावतो. काकाजी म्हणाले, मी करतो. मी तर हसलीच. काय करणार हे, चावून दाखवणार?

दर शनिवारी मी आंगणवाडीचा बायांचं वजन करायचा काटा घेऊन काकूकडे जायची. पहिल्या शनिवारी एक्केचाळीस भरलं. दुसऱ्या शनिवारी गेली तेव्हा काकू वरण-भात खाऊन राहिली होती, हळूहळू, मुकाट्यानं. काकाजीनं आपल्या ताटातला घास घेतला आणि तसेच उठून अंगणात गेले. मी मागे गेली. त्यांनी घास थुंकला होता.

"वरणात मी दोनदा मीठ टाकलं," ते म्हणाले. "जहर झालं हाय. अन् ते खाऊन राहिली. तिले खारटही समजत नाही, भाग्यश्री."

त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशी काटा साडेचाळीसवर थांबला.

मग पापडाची गोष्ट झाली. मी घरून विस्तवावर भाजलेला पापड खात खात आली होती. काकूनं सहज एक तुकडा मोडून घेतला, तोंडात टाकला. मग दुसरा घेतला. मग तिसरा. मी आपली पाहतच राहिली.

"काकू, चव आली काय?"

"कशाची चव वं! चव नाही समजत. पण तोंडात काही तरी चालू हाय, एवढं समजते. कानात आवाज येते."

काकाजी दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतीकले फोन केला आणि विचारलं, "तेलाबिगर भाजी कडक कराचं काही यंत्र असते काय?" आठव्या दिवशी कुरिअरवाला मशीनचं खोकं देऊन गेला.

पहिली भेंडी कशी झाली ते मी सांगते. मोबाइलच्या व्हिडिओतली बाई म्हणे, भेंडी कापा, मीठ-तिखट लावा, दोनशेवर पंधरा मिनिटं ठेवा. काकाजीनं भेंडी धुतली, ओलीच कापली, मीठ लावून अर्धा तास ठेवली आणि टोपली काठोकाठ भरली. वरची चार कापं काळी, आणि खाली नुसता चिकट लगदा! दुसरं कोणी असतं तर मशीन माळ्यावर फेकलं असतं. यांनी काय केलं? ताटात कापं वेगवेगळी मांडली. वरची इकडे, मधली तिकडे, बुडाची पलीकडे. आणि एक-एक चावाले बसले.

"वरचं कट्. मधलं दबते. खालचं तर निरा गोंद. एका मशीनमधून तीन तऱ्हेचा माल निघाला. काहून?"

"मले काय विचारता? मी काय मशीन बनवलं?"

"तुले नाही विचारत. मी मले विचारून राहिलो."

दुसऱ्या दिवशी थोडीशीच भेंडी टाकली, कोरडी, तेल बिलकुल नाही. ती वाळली तशी हलकी झाली, उडून वरच्या तापलेल्या तारेले चिकटली आणि घरभर धूर. काकू खाटेवरून ओरडली, "प्रतीकचे बाबा, घर जाळता काय!" मी धावत गेली, तर काकाजी धुरात उभे राहून खुश! म्हणाले, "म्हणजे आत जोराची हवा हाय. नाही तर उडाली कशी?" त्याच दुपारी तो कापसाचा पुंजका. हवा वरून फुंकते, बाजूनं खाली जाते, फिरून मागून निघते, हे त्यांनी त्या पुंजक्यावर ओळखलं.

"जिनिंगच्या आवारात ओला कापूस वाळवाचा तर ढीग थोडी मारतो? पातळ पसरवतो, घडीघडी उलटवतो. इथं मी ढीग मारला होता. त्या हवेची काय चूक?"

मग मिठाचं निघालं. दोन बशांमध्ये भेंडीची कापं ठेवली, एकीत मीठ, दुसरीत नाही. मले हाक मारून बोलावलं. दहा मिनिटांनी मिठाच्या बशीत पाणी सुटलं होतं, दुसरी कोरडी ठणठणीत.

"पाह्य! मीठ चोर हाय चोर! भाजीतलं पाणी बाहेर ओढून वर आणते. मालावर पाणी मारल्यासारखंच झालं हे. मीठ आता सगळ्यात शेवटी, ताटात घेताना."

आता हे आम्हा बायांना माहीत नाही काय? भेंडीत मीठ शेवटी टाकाचं, हे मले माझ्या आईनं दहाव्या वर्षी सांगतलं होतं. मी ते बोलूनही दाखवलं. काकाजी म्हणाले, "माहीत होतं तर पहिल्या दिवशी सांगतलं काहून नाही?" खरं सांगू? मजा पाहून राहिली होती मी.

चौथ्या दिवशी त्यांनी अख्खी भेंडी धुतली, जुन्या धोतराच्या फडक्यानं एक-एक पुसली, पंख्याखाली ठेवली. मग कापून पुन्हा कपड्यावर पसरली. एक चमचा तेल हातानं चोळलं, तिखट आणि धण्याची पूड लावली. टोपलीत एकच थर. चार-चार मिनिटांनी टोपली ओढायची, खळखळ हलवायची, एक काप दाताखाली धरून डोळे मिटायचे. "किती मिनिटं लागतात?" मी विचारलं. "भेंडीले विचार," म्हणे. तिसऱ्या खेपेले कट् आवाज आला, तो मलेही ऐकू आला. वरून मीठ भुरभुरलं आणि ताट काकूसमोर ठेवलं.

काकूनं भाकरीच्या तुकड्यावर दोन कापं ठेवली आणि चावली. कुर्र. तिनं काकाजीकडे पाहिलं. पुन्हा कुर्र.

"लय आवाज करते वं ही," ती म्हणाली, आणि हसली. दोन महिन्यांनी हसली काकू! बोलता-बोलता अर्धी भाकर संपली. काकाजी समोर पाटावर बसून नुसते ऐकत होते. मले इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, मी त्या दिवशी घरी जाऊन कोणावरच चिडली नाही.

मग तर त्यांना नादच लागला. कारली झाली, गवार झाली, फुलकोबी झाली, बटाट्याची सालं झाली. दोडका नालायक निघाला, त्यात पाणीच पाणी. प्रत्येक भाजी मशीनमध्ये जाण्याआधी काकाजीच्या दाताखालून जायची. काटा चाळीस आणि थोडं इथपर्यंत उतरला होता, तो तिथे थांबला. पुढच्या शनिवारी पुन्हा साडेचाळीस झाला. काकू जामसांवलीच्या हनुमानजीले हात जोडायची, काकाजी मशीन पुसून ठेवायचे. चव मात्र आली नव्हती. काकाजीनं एक-दोनदा साखरेचा दाणा देऊन पाहिला. काकू नाही म्हणून मान हलवायची. मग त्यांनी विचारणं सोडलं.

नागपूरले दाखवाले जायच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी काटा घेऊन गेली. एक्केचाळीसला जरा कमी. "नळी टळली काकू!" मी म्हटलं, तर तिनं माझा हातच धरून ठेवला. काकाजी ओट्यापाशी शेवटची टोपली हलवत होते. तेवढ्यात प्रतीकचा फोन आला. आता काकाजीले कोण थांबवणार? भेंडी ताटात काढता-काढता यांनी पोराले हवेची, ढिगाची, पुंजक्याची सगळी कथा पुन्हा सांगतली, गल्लीले ऐकू जाईल एवढ्या आवाजात. फोन ठेवला आणि माझ्या हातावर चार कापं टाकली.

"पाह्य. असा माल पांढुर्ण्यात नाही भेटणार."

मी चावलं. कडक तर अशी की काय सांगू. पण मीठच नाही! फोनच्या नादात हे मीठ विसरले होते. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. म्हटलं, जाऊ दे, काकूले कुठे काही समजते? आणि काकाजीच्या तोंडावर एवढा आनंद होता. "एक नंबर," मी म्हटलं. समोर चूक दिसत असून मी चूप राहिली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

काकूनं भाकरीसोबत घास घेतला. कुर्र. दुसरा घास घेतला आणि मधातच थांबली. ताटाकडे पाहिलं.

"प्रतीकचे बाबा."

"काय वं? नरम राहिली काय?"

"नाही. तुम्ही मीठ टाकाचं विसरले."

काकाजी म्हणाले, "टाकलं ना," आणि एक काप उचलून तोंडात टाकलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. चावता-चावता त्यांचं तोंड थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच मीठ नव्हतं, म्हणून मी मान डोलावली.

"इंदू, पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांग? अलोणी हाय म्हणते ना! साऱ्या जगाले चावत फिरता अन् घरच्या भाजीत मीठ नाही तुमच्या!" आणि मग तिचं तिलेच समजलं. हात तोंडावर गेला. डोळे एवढाले झाले.

काकाजी मिठाचा डबा घेऊन आले. घाईत अर्धं मीठ सांडलं जमिनीवर. उरलेलं त्यांनी काकूच्या ताटात भुरभुरलं आणि तिच्यासमोर खालीच बसले. मी रडून राहिली होती, लाज-बीज काही नाही.

काकूनं एक काप उचललं, हळूच चावलं. आवाजाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"आता?" काकाजीनं विचारलं.

"आणखी थोडं टाका," काकू म्हणाली.