चार सुतांचा बोल्ट

माणिक घाडीचा दिवस पावणेपाचला सुरू होतो. सोसायटीचा पाण्याचा पंप पाचला लावायचा असतो, आणि त्यासाठी पंधरा मिनिटं आधी खाली उतरलंच पाहिजे असं त्याचं मत आहे. बटण दाबायला एक मिनिट लागतं. उरलेल्या चौदा मिनिटांत तो पाइप हाताने चाचपतो, वायसरमधून पाणी गळतं का बघतो आणि मोटर गरम झालेली नाही याची खात्री करून घेतो. मोटर तेव्हा सुरूच झालेली नसते, पण खात्री ती खात्री.

वय अडुसष्ट. आधी परळला गिरणीत, संपानंतर भांडुपच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर. आता नाहूरला राहतो आणि पंप लावण्याचा पगार सोसायटी त्याला महिन्याला देते.

त्या शनिवारी पंप लावून तो चहाला वर गेला नाही. थेट आपल्या गाडीखाली शिरला. जिन्याजवळच्या फळ्यावर सेक्रेटरी सुबोधने खडूने लिहून ठेवलं होतं : "बंद पडलेल्या गाड्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता स्वतःच्या इंजिनवर इमारतीला एक फेरी मारून दाखवावी. अन्यथा पार्किंगची जागा यादीतल्या पुढच्या सभासदास देण्यात येईल. धक्का चालणार नाही." बंद गाडी अख्ख्या इमारतीत एकच होती. 'गाड्यांनी' असं सुबोधने माणिकला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं होतं.

गाडी पांढरी, छोटी, सेकंडहँड. हॉर्न वाजायचा, दिवे लागायचे, बॅटरी तो दर आठवड्याला चार्ज करायचा. फक्त किल्ली फिरवली की स्टार्टर 'टक' करायचा आणि गप्प बसायचा. आतले कार्बन, म्हणजे त्याच्या मोटरला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजलेत हे माणिकला कानाने कळलं होतं. काम सरळ होतं. दोन बोल्ट काढायचे, स्टार्टर खाली घ्यायचा, कार्बन बदलायचे, परत चढवायचा. दीड तास.

सात वाजता शेवंती चहा घेऊन खाली आली. गाडीखालून दोन पाय बाहेर दिसत होते. ती पायांशीच बोलली.

"मेकॅनिकला बोलवा म्हटलं तर ऐकत नाही."

"बत्तीस वर्षांत मी कोणाला बोलावलं?"

"बत्तीस वर्षं लोक तुम्हाला बोलवायचे. म्हणजे मेकॅनिकलाच बोलवायचे ना?"

गाडीखालून एक हात आला आणि चहाचा कप आत घेऊन गेला.

अडचण अशी होती की माणिकचं सगळं आयुष्य सुतात गेलं होतं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. गिरणीतली यंत्रं सुतातली, कारखान्यातली यंत्रं सुतातली, त्याचे पानेही सुतातले. मिलिमीटर त्याला ठाऊक होते, पण ते सुताचंच कागदावर लिहायचं नाव, असं तो मानायचा. स्टार्टरचा बोल्ट बघताक्षणी त्याने ठरवलं, चार सूत. चार सुतांचा पाना लावला. पाना डगडगला.

"पाना झिजला," तो म्हणाला. स्वतःच्या डोळ्यांवर त्याने शंका घेतली नाही.

मग त्याने असं काम केलं, ज्यासाठी कारखान्यात त्याने पोरांच्या पाठीत धपाटे घातले होते. पाना आणि बोल्ट यांच्यामध्ये पत्र्याचा तुकडा कोंबला. पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्यावर पाना सटकला, पुन्हा सटकला, आणि बोल्टचे सहाही कोपरे गोल होऊ लागले. माणिक तिथेच थांबला. जोर लावून काम बिघडतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दहा वाजता तो भांडुपला कल्पिताच्या दुकानात उभा होता. कल्पिता चाळिशीची, सासऱ्यांच्या माघारी स्पेअर पार्टचं दुकान एकटी चालवते. आधी त्याने कार्बन मागितले. तिने दोन जोड्या ठेवल्या. माणिकने दोन्ही नखावर घासून पाहिल्या, त्यांना जोडलेली तांब्याच्या तारेची वेणी हलकेच ओढून पाहिली आणि एक जोडी परत सरकवली.

"ही महिन्याभरात पीठ होईल."

"काका, तुम्ही गिऱ्हाईक आहात की इन्स्पेक्टर?"

"एक पाना दे. चार सूत."

"सूत समोरच्या गल्लीत, शिलाई मशीनवाल्याकडे. इथे एमएममध्ये बोलायचं."

"बारा पॉइंट सात."

"बारा आहे, तेरा आहे."

"मधला दे."

"मधला कोणी बनवत नाही. बोल्ट काढून आणा, लावून बघू."

"तो निघत असता तर मी इथे आलो असतो का?"

माणिकने हिशेब केला. बारा पॉइंट सातला जवळचा आकडा तेरा. गणित चोख होतं. तेराचा पाना घेऊन तो नाहूरला आला, गाडीखाली शिरला, आणि तेराचा पाना त्या बोल्टभोवती लग्नातल्या उसन्या अंगठीसारखा फिरला.

तेव्हा कुठे त्याने डब्यातून बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला. हे त्याने सकाळी सहाला करायला हवं होतं. कोपरे घासले गेले होते, पण डोक्याच्या बुडाशी थोडी सपाटी शाबूत होती. तिथे मापलं. बारा. पुसून पुन्हा मापलं. बाराच. म्हणजे पाना झिजला नव्हता. डोळा चुकला होता. हे त्याने शेवंतीला सांगितलं नाही.

दुपारी तो पुन्हा दुकानात गेला.

"काय काका, सूत जुळलं का?" कल्पिताने विचारलं.

"बाराचं काहीतरी दे. कोपरे गेलेत."

"मग पाना नको, गोटी घ्या. सहा कोनांची. बारा कोनांची घेऊ नका, ती उरलेले कोपरेही खाईल." तिने पेल्यासारखी छोटी लोखंडी गोटी काउंटरवर ठेवली. एका बाजूने ती बोल्टवर बसते, दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकात हँडल जातं. "आणि हे हँडल."

माणिकने गोटी उलटी केली. चौकोनाकडे बघितलं. चष्मा वर करून पुन्हा बघितलं.

"हे भोक कितीचं?"

"अर्धा इंच. सगळ्यांना तेच असतं."

"म्हणजे चार सूत."

"असेल."

"असेल काय? आहे! गोटी एमएमची आणि शेपूट सुताची. मग सकाळपासून मी दुसरं काय मागत होतो?"

"काका, तुम्ही पाना मागत होतात."

"हँडल ठेव आत. माझ्याकडे आहे. कारखाना सोडताना मिळालं, गोट्या दुसऱ्याने नेल्या."

घरी येऊन त्याने जुन्या हँडलवर नवी गोटी चढवली. खट्ट आवाज झाला. तीस वर्षांचं हँडल आणि दोन तासांची गोटी, मध्ये केसाएवढीही फट नाही. हातोडीचे तीन हलके ठोके देऊन त्याने गोटी बोल्टवर बसवली, श्वास सोडला आणि सावकाश ओढलं. बोल्ट कुरकुरला आणि फिरला. पुढचं काम दीड तासाचंच होतं. त्याला एक तास पस्तीस मिनिटं लागली. पाच मिनिटं कुठे गेली, याचा विचार तो जेवतानाही करत होता.

रविवारी दहाला लोक गॅलरीत उभे होते. यादीत पुढचा नंबर असलेले सभासद तर खुर्ची टाकून बसले होते. माणिकने किल्ली फिरवली. टक झालं नाही. इंजिन खोकलं, आणि सुरू झालं. शेवंती शेजारच्या सीटवर ताठ बसली होती. गाडीने इमारतीला फेरी मारली, जागेजवळ आली आणि न थांबता पुढे गेली.

दुसरी फेरी संपल्यावर सुबोध खिडकीशी आला.

"काका, एकच सांगितली होती."

"पहिली धरू नकोस. ती इंजिन गरम करायला होती."

"जागा तुमचीच, काका."

"आणि फळा पूस. उद्या पाण्याची वेळ लिहायची आहे."

खुर्चीतले सभासद खुर्ची उचलून आत गेले.

एक तारखेला सोसायटीने पंपाचा पगार दिला. माणिक गाडी काढून भांडुपला गेला आणि अख्खा पगार देऊन त्याने गोट्यांचा पूर्ण सेट घेतला : आठपासून बत्तीसपर्यंत, सगळ्या सहा कोनांच्या, सगळ्या एमएमच्या. पेटीतलं चकचकीत हँडल त्याने काढून काउंटरवर ठेवलं.

"त्याचे पैसे कमी होणार नाहीत हां," कल्पिता म्हणाली.

"नकोच करू," माणिक म्हणाला आणि पेटी काखेत मारून बाहेर पडला.