कोरड्या कूलरची हवा

मला राग लवकर येतो आणि आला की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. यवतमाळात तीस वर्षं कारकुनी केली, तिथं साहेब लोकही माझ्याशी जपूनच बोलायचे. आता घरात आम्ही दोघंच. बायकोला दमा आहे, जुना. हिवाळा ती कशीबशी काढायची, पण दोन वर्षांपासून उन्हाळाही तिला जड जाऊ लागला. घरासमोरचा रस्ता सिमेंटचा करायचा म्हणून खोदला आणि तसाच टाकून दिला. एखादा ट्रक गेला की फुफाटा थेट देवघरात.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आभाळ एकाएकी मातकट झालं आणि वावधन सुटलं, धुळीचं वादळच. शेजारच्यांची टिनं खडखडायला लागली. रस्त्यावरची सगळी माती उठली, समोरचं घर दिसेना. मी धावत जाऊन दारं-खिडक्या लावल्या, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. बायको पलंगावर बसून खोकत होती. बंद खोलीत जीव उकडून निघत होता, म्हणून मी कूलर लावला.

आमच्याकडं कूलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला मोठा टिनाचा डबा. बाहेरची हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून खोलीत ओढायची, एवढंच त्याचं काम. पण नळाला चार दिवस पाणी नव्हतं. कूलरची टाकी कोरडी, ताट्याही कोरड्या. म्हटलं, नुसता पंखा तर पंखा. आमच्या भागात उन्हाळ्यात हात आधी कूलरच्या बटनाकडं जातो, डोकं मागून येतं.

बायकोनं हात हलवला. बोलायला तिला दम नव्हता. मला वाटलं, अजून गरम होतंय. मी बटन फुल्लवर नेलं. तिनं पुन्हा हात हलवला, जोरात.

"अवं, याच्यावर नाही जात तो!" मी तिच्यावरच खेकसलो.

थोड्या वेळानं तिचे ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. शेजाऱ्यानं ऑटो काढला. दवाखान्यात आधीच खोकणाऱ्यांची रांग होती, म्हातारी माणसं, लहान लेकरं. हिला लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला, वाफ दिली. मी बाहेर उभा राहून रस्ता खोदणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला घरी आलो. सगळ्या खिडक्या बंद, दारं बंद, आणि तिच्या उशीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी माती. कूलरसमोरच्या फरशीवर तर थरच. म्हणजे ती हात हलवून बंद करा म्हणत होती. मी पलंगावर बसलो आणि मला रडू आलं.

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. डॉक्टर तरुण होता, बोलायला फटकळ. कागदावर लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "काकू, एवढ्या वावधनात बाहेर कायले गेलत्या?"

मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "दोरीवरचे कपडे काढाले गेलती."

त्यानं तिला चांगलंच झापलं. या वयात अक्कल नको का, कपडे मोठे की जीव मोठा. ही मान खाली घालून ऐकत होती. मी फाईल धरून उभा होतो. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच वाटलं.

मग तो म्हणाला, "आता वावधन आलं का दारं-खिडक्या लावाच्या, कूलर सुरू कराचा अन् गुपचूप आत पडून राह्याचं." आणि तसंच त्यानं कागदावर लिहिलं.

बायकोनं कागदाची घडी घातली. माझी लाज राखायला तिनं तो कागद तसाच घरी नेला असता.

"डॉक्टर, ते खोडा," मी म्हणालो. आवाज मोठाच निघाला. बाकावरचे पेशंट बघायला लागले. "ही बाहेर गेलीच नव्हती. कोरडा कूलर मी लावला. ही नाही म्हणत होती, तरी मी फुल्ल केला."

डॉक्टरनं कागद मागून घेतला, ओळ खोडली आणि खाली लिहिलं की वावधन उठलं की कूलर पहिले बंद.

ऑटोत बसल्यावर ही चिडली. "एवढ्या लोकांत काहून सांगितलं? तुमचीच गेली ना!"

"तुह्या श्वासापुढं माही इज्जत काय चाटाची हाय?"

ती हसायला गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. घर येईपर्यंत मी तिची पाठ चोळत होतो.