बिनसाखरेची पाटी

रावसाहेबांचं सारं आयुष्य वजनकाट्यावर गेलं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ते काटाबाबू होते. ट्रक रिकामा आला की एक वजन, भरून निघाला की दुसरं, आणि दोहोंतला फरक म्हणजे माल. रिकाम्या ट्रकचं वजन जेवढं जास्त दिसेल तेवढा माल कागदावर कमी भरतो आणि वरचा फुकटात जातो, हे ड्रायव्हरांना ठाऊक असे. म्हणून कुणी पाण्याची पिंपं भरून आणी, कुणी क्लीनरला मागे ताडपत्रीखाली झोपवी. रावसाहेब खिडकीतून मान बाहेर काढून एवढंच म्हणत, "उठव त्याला." ताडपत्री हले आणि क्लीनर खोटी जांभई देत खाली उतरे.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि स्वतःच काट्याला फसवायला लागला. हा काटा म्हणजे रक्त तपासायचं मशीन.

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांना साखर निघाली. त्यांच्या पत्नी केशरबाई म्हणाल्या, "लोकांला पेन्शन मिळती, आमच्यांला साखर मिळाली." त्यानंतर रावसाहेबांनी एक पद्धत बसवली. तपासणीच्या आधी दोन दिवस ज्वारीची भाकरी, कारल्याची भाजी आणि खांदेश्वर स्टेशनपर्यंत चालत चकरा. आकडा चांगला आला की येताना जिलेबी. हे बरेच दिवस सुरळीत चाललं. मग एका डॉक्टरीणबाईंनी गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली. रिपोर्ट वाचून त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, दोन दिवस उपाशी राहून तीन महिने लपत नाहीत."

रावसाहेबांना वाटलं, कुणीतरी खिडकीतून म्हणालं, "उठव त्याला."

घरी आल्यावर खटला उभा राहिला. मुलगा सुगत गप्प होता, पण सून मैत्री गप्प बसणारी नव्हती. ती तुर्भ्याला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती.

"पप्पा, जेवणानंतर गूळ किती खाता?"

"एवढासा. औषध म्हणून. नैसर्गिक असतो तो."

"पप्पा, गूळ म्हणजे साखरच. थोडं लोह-बिह असतं, पण ते पुरेसं मिळायला लागेल तेवढा गूळ खाल्ला तर आपल्याला दवाखान्यातच खोली घ्यावी लागेल. मधाचंही तेच. साखर शेतातून आली की कारखान्यातून, रक्ताला कळत नाही."

गुळाची बाजू घ्यायची पाळी आपल्यावर यावी याचं खुद्द रावसाहेबांनाच हसू येई. जालना जिल्ह्यातल्या ज्या गावात ते वाढले तिथं चहा काळ्या गुळाचा असे. साखर होती, पण ती उतरंडीतल्या गाडग्यात, पाहुण्यांसाठी. गुरुजी आले की गुरुजींच्या कपात साखर आणि पोरांच्या वाटीत गूळ. नोकरी लागली की चहात साखर घालायची, हे रावसाहेबांनी तेव्हाच ठरवलं होतं. पहिल्या पगाराच्या दिवशी कळंबोलीच्या टपरीवर त्यांनी चहात इतकी साखर घालून घेतली, की चमचा उभा राहतो का म्हणून टपरीवाला वाकून बघायला लागला. आणि आता कामोठ्यात त्यांच्या सोसायटीसमोरच गुळाच्या चहाचं दुकान निघालं होतं, साध्या चहाच्या दुप्पट भावानं. "ज्या चहातून सुटायला आम्ही गाव सोडलं," ते म्हणत, "त्याला इथं लोक लाईन लावतात!"

खटल्याचा निकाल असा लागला, की गूळ बंद, मध बंद, जिलेबी बंद. इथवर रावसाहेबांनी सोसलं. पण केशरबाई पुढं म्हणाल्या, "आन् पौर्णिमेची वाटी बी बंद."

ही वाटी म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या खिरीची. सेक्टरमधल्या विहारात दर वर्षी खीरदान होई आणि वीसेक वर्षं त्या खिरीची पळी रावसाहेबांच्या हातात होती. ढवळणारे तेच, चाखणारे तेच. साखर निघाल्यावरही केशरबाईंनी ही एक वाटी त्यांना ठेवली होती. वर्षात एकदा, भरून, काजूसकट. रावसाहेब पौर्णिमा झाली की पुढच्या पौर्णिमेची वाट बघायला लागत.

"वाटी बंद करायची गरज नाही," मैत्री म्हणाली. "या वर्षी बिनसाखरेचीही खीर करू. विहारातली निम्मी म्हातारी माणसं गोळ्यांवर आहेत."

विहार समितीचे अध्यक्ष नंदकुमार हे ऐकून खुर्चीतून अर्धे उठले. "खिरीत केमिकल? सुजातेनं बुद्धांच्या खिरीत काय गोळ्या टाकल्या होत्या?"

"सर, सुजातेच्या वेळी साखर कारखानेही नव्हते," मैत्री म्हणाली.

नंदकुमार अर्धे उठले होते ते पूर्ण बसले. दोन भांडी करायची असं ठरलं.

मग घरातल्या ओट्यावर प्रयोग सुरू झाले. रावसाहेबांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायची परवानगी होती. सुगतनं दुकानातून आणलेल्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या दुधात उकळल्या, तर खीर तयार होईतो गोडी गायब. "काही गोळ्यांना आच सोसत नाही, खोक्यावर लिहिलंय की," मैत्री नवऱ्याला म्हणाली. केशरबाईंनी हट्टानं एक पातेलं गुळाचं केलं. उकळत्या दुधात गूळ पडला आणि दूध फाटलं. उंबऱ्यावरून आवाज आला, "खीर मागितली, पनीर झालं." स्टीव्हियाच्या पानांची पूड घातलेली खीर हिरवट झाली. ती आधी गोड लागली, मग कडू.

शेवटी मैत्रीनं सुक्रालोजची पावडर आणली. ती उकळीला टिकली. केशरबाईंनी दोनदा चाखली आणि म्हणाल्या, "चांगलीच झाली की."

"दूध चांगलं असेल," रावसाहेब म्हणाले.

"पप्पा, यातली एक वाटी तुम्हाला चालेल. दूध-तांदळातही साखर असतेच, म्हणून एकच. बघा ना खाऊन."

"नको. वर्षातून एक वाटी मिळते, ती खोट्या गोडीवर कशाला घालवू? खाईन तर साखरेची."

"मग खाऊच नका," केशरबाई म्हणाल्या आणि पातेलं झाकून मोकळ्या झाल्या.

पौर्णिमेच्या सकाळी पांढरे कपडे घालून सगळे विहारात जमले. वंदना झाली, पंचशील झालं. खोटं न बोलण्याचं शील रावसाहेबांनी नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजात म्हटलं. बाहेर मांडवात दोन टेबलं होती, त्यांवर मंडपवाल्याची अगदी एकसारखी दोन भांडी आणि पुढे मैत्रीच्या अक्षरातल्या दोन पाट्या. एक ‘साखरेची’, एक ‘बिनसाखरेची’. केशरबाईंनी आधीच व्यवस्था करून ठेवली होती. साखरेच्या भांड्यावर नंदकुमार, बिनसाखरेच्या भांड्यावर रावसाहेब. पळी हातात होती, पण भांडं परकं होतं.

ध्वजारोहणानंतर वाढायचं होतं, तरी रांग आधीच लागली होती. सगळी नंदकुमारांपुढे. रावसाहेबांपुढे माशीसुद्धा नाही.

त्या रांगेत त्यांना ओळखीचे चेहरे दिसू लागले. दवाखान्यात रक्त द्यायला त्यांच्याशेजारी बसणारे, मेडिकलच्या दुकानात तीच गोळी मागणारे. त्यांनी एकाला खुणेनं बोलावलं. तो लांबूनच म्हणाला, "मला तसं काही नाही हो, मी बॉर्डरवर आहे." दुसराही बॉर्डरवर होता. तिसऱ्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, म्हणून तो बॉर्डरच्याही अलीकडे होता. कामोठ्यातली इतकी माणसं बॉर्डरवर तैनात आहेत हे रावसाहेबांना त्या दिवशी कळलं. बिनसाखरेच्या पाटीखाली चारचौघांत उभं राहायचं म्हणजे आपला रिपोर्ट मांडवात लावायचा. ते कोण करणार?

पहाटेपासून चुलीपुढे उभी असलेली मैत्री एकदा येऊन ती रिकामी जागा बघून गेली. वाट्या धुवायला विहाराच्या मागे निघून गेली. रावसाहेबांना वाईट वाटलं. आणि नंदकुमारांच्या भांड्यातून वेलचीचा वास येत होता, त्यामुळे आणखी वाईट वाटलं.

तेवढ्यात पुकारा झाला. ध्वजासाठी सगळे उठले आणि अंगणाकडे तोंड करून उभे राहिले. म्हणजे खिरीकडे सगळ्यांची पाठ.

रावसाहेबांच्या डोक्यात विचार आला आणि हात त्याच्या पुढे धावला. पाट्या सुतळीनं खिळ्याला अडकवल्या होत्या. ही काढली, ती काढली, हिच्या जागी ती. बोलण्यात खोटं नको असं शील आहे, त्यांनी मनात हिशेब केला, आपण तर एक शब्दही बोललेलो नाही. शिवाय सुनेची खीर खपेल, म्हाताऱ्यांच्या पोटात साखर जाणार नाही. एवढं पुण्य एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात आपली एक वाटी. आयुष्यभर वजन केलेल्या माणसाला आपलं पारडं हलकंच दिसलं.

लोक वळले आणि पाटी वाचून सगळी रांग रावसाहेबांपुढे आली. नंदकुमार गोंधळले. "मी साखरेवर होतो ना हो?"

"पाटी बघा," रावसाहेब म्हणाले. हेही खोटं नव्हतं.

नंदकुमारांनी पाटी बघितली, आपली पळी ठेवून दिली आणि वाटी घेऊन रांगेत घुसले. पहिली वाटी उभ्यानं संपवून दुसरी घेतली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात खीर! केमिकलवाल्यांनी यावं आणि चव घ्यावी!" बॉर्डरवरचे सगळे माना डोलवत होते. बघता बघता भांडं तळाला लागलं.

रावसाहेबांनी हात पुसले, शांतपणे पलीकडच्या टेबलाशी गेले आणि वर्षाची वाटी भरून घेतली. जाड साय आली, वर दोन काजू आले. केशरबाई बायकांच्या घोळक्यातून येत होत्या. त्यांनी आधी पाटी बघितली, मग वाटी, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आलं का शहाणपण! बघा गं, आमचे हे बिनसाखरेची खायला लागले!"

रावसाहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण वाटी हातात होती. चमचा तोंडाजवळ नेला आणि काठी आपटत कोंडिबा आले.

कोंडिबा म्हणजे त्यांचे सकाळच्या फेरीचे जोडीदार. गेल्या वर्षी पायाची जखम चिघळली तेव्हापासून इन्सुलिनवर होते आणि फेरीही सुटली होती. बॉर्डरची भाषा त्यांनी केव्हाच सोडली होती. त्यांनी मांडवात ऐकू जाईल असं वाचलं, "बिन-साखरे-ची. तुझ्या सुनेनं फोन करून बोलावलं बरं का, म्हणाली, काका, तुमच्यासाठी पण आहे. खीर कशी लागती तेच इसरलोय गड्या. भर वाटी."

"संपली," रावसाहेब म्हणाले.

"भांडं काठोकाठ हाय की!"

"गार झालीय."

"मग बरंच, फुंकायला नको."

"चांगली नाही झाली रे."

"आन् तू काय खातुयास? भर म्हन्तो ना!" कोंडिबांनी स्वतःच पळी उचलली, भरली आणि वाटीवर नेली.

रावसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं. "थांब कोंडिबा! ही साखरेची आहे. पाट्या मी फिरवल्यात."

हे ते बोलले हळूच, पण काट्यावरची सवय, आवाज मांडवभर गेला. तिसरी वाटी हातात असलेल्या नंदकुमारांनी विचारलं, "मग मी काय खाल्लं?"

"केमिकल," कोंडिबा म्हणाले.

मांडवात असा हशा उठला की मागे वाट्या धुणारी मैत्री धावत आली. कुणीतरी म्हणालं, "तरीच जिभेवर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं." दुसऱ्यालाही आता तसंच वाटत होतं. नंदकुमारांनी हातातल्या वाटीकडे एकदा बघितलं आणि टाकायला नको म्हणून ती संपवली.

मैत्रीनं रिकामं भांडं बघितलं आणि तिला हसू आवरेना. "पप्पा, आमच्या लॅबमध्ये याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. फक्त लोकांना आधी विचारतात." मग तिचं हसू ओसरलं. "आणि काकांनी ती वाटी खाल्ली असती तर?"

केशरबाईंनी रावसाहेबांच्या हातातली वाटी काढून घेतली. साय, काजू, सगळ्यासकट ती परत भांड्यात गेली. "उठा आता ताडपत्रीखालून," त्या म्हणाल्या.

"आरं, पर माझ्या खिरीचं काय?" कोंडिबा म्हणाले.

खरंच की. बिनसाखरेची खीर बॉर्डरवाल्यांनी साफ केली होती आणि ज्यांना तीच चालत होती ते दोघं कोरडे उभे होते. रावसाहेबांनी भांडं तिरकं धरलं आणि पळीनं तळ खरवडायला घेतला. वीस वर्षांच्या हाताला खरवड कुठं असते ते माहीत होतं. अर्धी वाटी निघाली. ती त्यांनी कोंडिबांना दिली आणि पळीला चिकटलेलं बोटानं निपटून जिभेवर ठेवलं.

"कशी आहे?" मैत्रीनं विचारलं. सगळे बघत होते.

रावसाहेबांनी वजन करताना घेत तेवढाच वेळ घेतला. "गोड आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण साखर पाहुण्यासारखी येते आणि जाते. ही चहापाणी झालं तरी जिभेवरून उठायचं नाव घेत नाही."

"बसू दे की," कोंडिबा वाटी चाटूनपुसून पुढे करत म्हणाले. "आपल्याकडं आता येतंय कोन? बघ, त्या कडंला अजून जरा हाय."