त्रिशला मातेचं पान

थांब सर कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यापाशी उभे राहायचे. उजवा हात किंचित वर, मागून येणाऱ्याला अडवणारा. "थांब," म्हणायचे. मग हवेचा वास घ्यायचे, भिंतींच्या कोपऱ्यांकडे पाहायचे, पंखा चालू असेल तर बंद करायला लावायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. कपाट उघडताना थांब, फडक्याची गाठ सोडताना थांब, पान उलटताना तर दोनदा थांब. त्यांचं खरं आडनाव आम्हा मुलींच्या तोंडी कधी बसलंच नाही.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. जुन्या इमारतींवर नव्या खात्यांच्या पाट्या लागत होत्या. त्याच सुमारास नव्या राज्यातल्या जुन्या हस्तलिखितांची नोंद करण्याचं काम निघालं. देवळांत, मठांत, घरांत कुठे काय पडलं आहे ते पाहायचं, फोटो काढायचे, माहिती भरायची. आमच्या कॉलेजातून काही मुलामुलींना घेतलं, त्यात मी होते. बाबा शहराबाहेरच्या उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे कुठल्याही कामाला हो म्हणायची मला भीती वाटायची आणि नाही म्हणायचीही.

सर मूळचे विदर्भातले. सगळी नोकरी सरकारी संग्रहालयाच्या रसायनशाळेत गेलेली, निवृत्तीनंतर ब्राह्मणपाऱ्यात भाड्याने राहत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुले शाई आवडते का कागद?" मी चाचरत म्हटलं, "दोन्ही, सर." ते म्हणाले, "दोन्ही आवडणारे लोक परीक्षेच्या पेपरातच असतात. खरं सांग." मला काही सांगता आलं नाही. "बरं आहे," ते म्हणाले, "खोटं तरी नाही बोलली."

ते काही शांत, सोशिक गृहस्थ नव्हते. चिडायचे, आणि चिडले की इंग्रजीत नाही, अस्सल वऱ्हाडीत चिडायचे. कुणी थुंकी लावून पान उलटायला गेलं की, "अबे, जीभ खिशात ठेव!" असं ओरडायचे. पण ओरडतानाही तोंड पोथीकडून वळवून घ्यायचे, श्वासाची वाफ पानावर जाऊ नये म्हणून. जेवण तिखटजाळ लागायचं. डब्यात लसणाचा ठेचा नसला तर दुपारभर तोंड पाडून बसत. मात्र डबा खायला पोथीच्या खोलीपासून लांब जायचे, साबणाने हात धुवायचे आणि बोटं नाकाशी नेऊन वास गेला की नाही ते तपासायचे. वास असला तर पुन्हा साबण.

सदर बाजारातल्या जुन्या जैन मंदिरात चित्रांचं एक कल्पसूत्र, म्हणजे तीर्थंकरांच्या चरित्राची पोथी आहे, ही खबर सरांनीच काढली. मंदिराचे वयस्कर ट्रस्टी सराफीच्या दुकानात बसत. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. बाबूजी पेटी उघडायला तयार नव्हते. मग एकदा सर सकाळी मंदिरात गेले ते रुमालाची घडी नाकातोंडावर बांधूनच. पूजा करणारे श्रावक तोंडावर मुखकोश बांधतात, श्वासाने देवाचा अविनय होऊ नये म्हणून. बाबूजींना वाटलं, हे कुणी श्रद्धाळू गृहस्थ दिसतात. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "जी शिस्त नोकरीभर लोकांना शिकवता शिकवता माझा घसा बसला, ती हे लोक देवासाठी पाळून राहिले. मले तर इथंच नोकरी करायला हवी होती."

पेटी उघडली तेव्हा मी पहिल्यांदा ते पाहिलं. लांबट, सुटी पानं. काळी अक्षरं, मधे लाल ठिपका, आणि बाजूला चौकटीत चित्रं. तांबड्या पार्श्वभूमीवर सोनेरी अंगाची माणसं, त्यांचा पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर आलेला. सर्वांत सुंदर पान तीर्थंकर पोटी आले तेव्हा त्रिशला मातेला पडलेल्या स्वप्नांचं होतं. ती निळ्या गादीवर निजलेली, वरच्या बाजूला हत्ती, बैल, सिंह, चंद्र, सूर्य. पाचएकशे वर्षांपूर्वीचं असावं, असं सर म्हणाले. "या निळ्याकडे बघ," ते कुजबुजले, "दगड कुटून केलाय. डिंकाच्या भरवशावर बसलाय बिचारा. जरा काही झालं की उठून जाईल." नोंद करायला, फोटो काढायला बाबूजींनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

आम्ही ठरल्या दुपारी पोहोचलो. पेटीवरचं लाल फडकं सरांनी पाहिलं आणि हात वर केला. गाठ वेगळी होती. पोथी उघडली तर वरची काही पानं नव्हती. मंदिराचे मुनीमजी अगदी सहज म्हणाले, "मनीष भैया ले गए हैं ना। मंत्रीजी दर्शन को आने वाले हैं, तो बोले पक्का करवा के लाता हूँ।"

"पक्का मतलब?" सरांनी विचारलं.

"लैमिनेशन, साहब। चौक पर जो फोटोकॉपी वाला है।"

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर सगळ्यांना थांब म्हणणारा माणूस चप्पल न घालता जिना उतरला. "पोट्टे, पळ! तू पळ पुढं, मी आलो!" मी पळाले. सदर बाजारात दुपारचीही स्कूटरींची गर्दी, एका बाजूला कापडाचे ठेले, मधे गाई. कुणी तरी ओरडलं, "अरे दीदी, देख के!" माझ्या डोक्यात एकच होतं, निळा रंग.

दुकानात मशीन गरम होतं. बाबूजींचा नातू मनीष काउंटरला टेकून उभा होता. काही पानं काउंटरवर वर्तमानपत्रात ठेवलेली, शेजारी चहाचा ग्लास. आणि एक लांबट पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनमध्ये अर्धं गेलेलं. अलीकडे निळी गादी दिसत होती. हत्ती आत गेला होता.

"बंद करो! भैया, बंद करो!" मी ओरडले.

दुकानदाराने बटणावर हात नेला आणि थबकला. "बीच में बंद किया तो रोलर पे ही चिपक के जल जाएगा, दीदी। बोलो, करूँ?"

मशीन घरघरत होतं, पान सरकत होतं. मी चहाचा ग्लास उचलून लांब ठेवला, तेवढंच मला सुचलं. तेवढ्यात सर आले. धाप लागलेली, पाय धुळीने भरलेले. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं.

"खींच लूँ वापस?" दुकानदाराने विचारलं.

"नको. नहीं." सरांचा हात वर गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. "चलने दो."

ते पान हळूहळू पलीकडून बाहेर आलं. आलं ते चकचकीत. निळ्यात बारीक बुडबुडे, सोनं मळकट पिवळं. दुकानदार सवयीने कडा कापायला कात्री घेऊ लागला तेव्हा मात्र सर ओरडले, "हात नाही लावायचा!" आणि तोंड वळवायला विसरले.

मनीष गोंधळून पाहत होता. "सर, खराब हो गया क्या? मेरी तो दसवीं की मार्कशीट आज तक नई जैसी है। मैंने सोचा, भगवान का पन्ना क्यों सड़े?"

सरांच्या ओठांवर शिवी आलेली मला दिसली. ते काही बोलायच्या आत मी, का ते माहीत नाही, मराठीत म्हणाले, "सर, माझ्या बाबांनीही माझी बारावीची मार्कशीट लॅमिनेट केली आहे. निकाल लागला त्याच दिवशी. मिलमधून अर्धी सुट्टी टाकून." आमच्या घरात ज्या कागदावर जीव असतो तो असाच जपतात, एवढंच मला सांगायचं होतं. सरांनी शिवी गिळली. मग मनीषला म्हणाले, "बाकी के पन्ने मुझे दो। और चलो, दादाजी के पास साथ में चलते हैं।"

बाबूजींनी ते पान हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं आणि डोळे मिटले. "ज्ञान की आशातना हुई है," ते म्हणाले. ज्ञानाचा असा अपमान त्यांच्या लेखी मोठं पाप. "अब न फोटो, न सरकारी लिखा-पढ़ी। पेटी बंद। हमारे पुरखों ने किसी को दिखाया नहीं, ठीक ही किया।" मनीष रडायला लागला होता. मंत्र्यांना त्यांनी नकार कळवला, आणि आम्हालाही.

सरांची झोप उडाली. पेटी बंद झाली तर उरलेल्या पानांचं कुठे चित्रही राहणार नव्हतं. वाळवी लागली, पावसाचं पाणी गेलं, तर काय होतं ते सांगायलाही कुणी उरणार नाही. नोंदीचं काम त्या महिन्यात संपणार होतं. "काहून तेव्हाच फोटो नाही काढले मी," असं ते सारखे म्हणत. "वेळ दिली तर घेतली. मूर्ख." मी म्हटलं, "तुम्ही घाई करत नाही ना, सर." ते म्हणाले, "हव. म्हणूनच तर."

दोन-तीनदा परत पाठवल्यावर बाबूजींनी आम्हाला दुकानात बसू दिलं. सरांनी नोंदीचा विषयच काढला नाही. विचारलं, "बाबूजी, आशातना का क्या करते हैं आप लोग?"

"प्रायश्चित्त। महाराज साहब ने मनीष को आयंबिल दिए हैं।"

आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच, एका जागी बसून, उकडलेलं धान्य खायचं. तेल, तूप, दूध, गूळ, तिखट, काही नाही.

"तो मैं भी करूँगा," सर म्हणाले.

बाबूजी हसले नाहीत. "आप तो जैन नहीं हैं। और पाप जिसके हाथ से हुआ, उसका।"

"मेरे मुँह से हुआ। मशीन आधे पर थी, बाबूजी। चलने दो, मैंने कहा। आधा पन्ना मनीष का, आधा मेरा।"

मला वाटलं, बाबूजी रागावतील. त्यांनी समोरचा वजनाचा काटा बाजूला सारला. मग म्हणाले, "पानी भी उबला हुआ पीना पड़ेगा।"

सर मंदिराच्या आयंबिल खोलीत मनीषशेजारी पाटावर बसून उकडलेले मूग आणि कोरडा भात खाऊ लागले. वयाने त्यांना ते झेपत नव्हतं. एकदा घेरी आली. मी म्हटलं, पुरे सर, तर म्हणाले, "ठेच्याची आठवण येऊन राहिली, बाकी मले काही नाही झालं." मनीष त्यांना पाणी द्यायचा. पाटावर बोलायची मनाई नव्हती, तिथेच त्यांनी मनीषला कागद कशाने मरतो ते सांगायला सुरुवात केली. ऊन, ओल, तेलकट बोटं, पूजेचं चंदन, आणि माया. मनीष म्हणाला, "माया का क्या इलाज है सर?" सर म्हणाले, "उबला हुआ मूँग."

शेवटचं आयंबिल झालं त्या दिवशी बाबूजी स्वतः किल्ली घेऊन आले. त्यांनी मुखकोश बांधला आणि पेटी उघडली. आम्ही उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एकेक पान टिपलं. मनीषने पानं हाताळली, सरांनी नुसतं पाहिलं. त्रिशला मातेच्या पानाशी बाबूजी म्हणाले, "इसको छोड़ दीजिए।" सर म्हणाले, "नहीं छोड़ते, बाबूजी। बीमार को घर के बाहर नहीं निकालते." चकाकी टाळायला मी पांढरं कापड धरून उभी राहिले. नोंदीत त्या पानापुढे काय झालं ते सरांनी स्वतः लिहिलं. खाली कुणाचंही नाव घातलं नाही.

त्यानंतर वर्षभरात सरांची तब्येत उतरली. अमरावतीला मुलीकडे निघाले तेव्हा स्टेशनवर बाबा आणि मी गेलो होतो. पोथ्या दुरुस्त करायला शिकवणारा एक अभ्यासक्रम दूर उत्तरेत होता, आणि मी तिकडे जावं असं सरांचं म्हणणं होतं. बाबांनी विचारलं, "साहेब, यात नोकरी आहे का?" सर म्हणाले, "मले नाही माहीत, भाऊ. पण ते प्लास्टिक काढायचं शास्त्र आज माझ्यापाशी नाही, अन् मी काही नवीन शिकाच्या वयाचा नाही." गाडी सुटताना मला एवढंच म्हणाले, "मनीषले काही करू देऊ नको. अन् तूही लवकर करू नको." पुढच्या उन्हाळ्यात सर गेल्याचं सांगायला त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांनी माझा प्रवेशाचा फॉर्म त्याच आठवड्यात भरला.

आता मी तेच शिकते आहे. स्वतः कागदावर डिंकात कालवलेले रंग लावते, ते लॅमिनेट करवून आणते आणि मग द्रावणं बदलून प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न करते. लाल राहतो. हिरवा बहुतेक वेळा राहतो. निळा प्लास्टिकबरोबर उठून येतो.

या दिवाळीत घरी आले तेव्हा ज्ञानपंचमीला मंदिरात गेले. पोथ्यांची पूजा चालू होती, पण कल्पसूत्रावर कुणी चंदन टाकत नव्हतं, ते पेटीसह काचेमागे होतं. पेटीचं काम आता मनीष भैया बघतो. त्याने ते पान माझ्यासमोर आणून ठेवलं.

"अब तो आप पढ़ के आई हैं, दीदी। बाबूजी भी पूछते रहते हैं। निकल जाएगा?"

मी पान खिडकीशी धरलं. त्रिशला निजलेली होती. गादीवरचे बुडबुडे पूर्वीपेक्षा थोडे वाढल्यासारखे वाटले, किंवा मला आता ते जास्त दिसत असतील.

"एक कोना करके देखें?" त्याने हळूच विचारलं.

माझ्या पिशवीत ब्रश होते, द्रावणाची लहान बाटली होती. कोपऱ्यात नुसती लाल चौकट होती, आणि लाल मला जमत होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला हो म्हणावंसं फार वाटलं.

"नीला अभी मेरे हाथ से नहीं बचता, भैया," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. पान दोन कोऱ्या कागदांत ठेवून पोथीत आपल्या जागी सरकवलं आणि फडक्याची गाठ मारली.

जाताना मी चौकातल्या त्या दुकानात थांबले. मशीन तेच होतं, पाकिटंही तीच; निळ्याचा सराव याच प्लास्टिकवर करायला हवा होता. दुकानदाराने मला ओळखलं नाही. "क्या लैमिनेट करना है, दीदी?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "खाली पाकीट दे दो। जितने हैं, सब।"